कचऱ्याच्या ओळीत बसणारा कोळी

आश्विनातील एका सकाळी पनवेल तालुक्यातील एका शाळेची इयत्ता चौथीची मुले परिसरभेटीसाठी खारघरच्या डोंगरपायथ्याशी आली होती. मीही त्यांच्यासमवेत होतो. वाटेलगतच्या करवंदीच्या झुडपात एक वाटोळे, वीतभर रुंदीचे जाळे दिसले. त्याच्या मधोमध वरून खाली केरकचऱ्याची एक बारीक ओळ होती. वर्गाच्या बाईंनी सांगितले, "हे टाकून दिलेले जुने जाळे आहे. वाऱ्याने त्यात कचरा अडकला आहे." तोच पुढे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, त्या कचऱ्याला पाय आहेत!"

सर्वांनी वाकून पाहिले. पाय खरोखरच होते. बाईंनी आपली चूक मुलांसमक्ष मोकळेपणी कबूल केली, आणि ठरलेला कार्यक्रम बाजूस ठेवून उरलेला पाऊण तास त्या एका जाळ्यापाशीच घालविला. माझ्या मते त्या दिवशीचा खरा पाठ तोच झाला. त्या निमित्ताने या लहानशा कोळ्याची ओळख कशी पटवावी, त्याचे वर्तन कसे पाहावे आणि मुलांच्या मनात कोळ्यांविषयी जी भीती असते तिचे काय करावे, हे शिक्षकबंधुभगिनींपुढे मांडावे असे योजिले आहे.

खारघर आता मोठे शहर झाले आहे. सन २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तथापि डोंगराच्या उतारावर करवंद, कुडा आणि घाणेरीची झुडपे अद्याप टिकून आहेत, आणि हा कोळी त्यांत सुखाने राहतो. त्यासाठी खारघरलाच गेले पाहिजे असे मुळीच नाही. शाळेच्या आवाराचे मेंदीचे कुंपण, परसातील तुळशीवृंदावनाभोवतीची झाडे, भाताच्या खाचराच्या बांधावरील झुडपे, यांपैकी कोठेही तो सापडू शकेल. पावसाचा जोर ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ शोधण्यास उत्तम. ज्यांना खारघरच्या बाजूस सहल काढावयाची असेल त्यांनी भर पावसाळ्यात मुलांना पांडवकड्याच्या अगर कोणत्याही ओढ्याच्या पाण्याजवळ नेऊ नये.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावी. घरातील आढ्याला धुळीने माखलेली जी जळमटे लोंबतात, ती आणि हे चक्राकार जाळे ही निरनिराळ्या प्रकारच्या कोळ्यांची कामे होत. चक्राकार जाळे पाहिले की मुलांना बैलगाडीच्या चाकाची आठवण करून द्यावी. मध्यभागी तुंबा, तेथून निघणारे आरे, आणि त्या आऱ्यांवर फेर धरून घातलेला सर्पिल धागा. ज्या गावात बैलगाडी उरलेली नाही तेथे सायकलचे चाक दाखविले तरी चालेल, परंतु तुंबा आणि आरे हे शब्द मात्र मुलांस अवश्य द्यावेत. आपल्याकडे कोळी हा शब्द मासेमारी करणाऱ्या बांधवांसही लावतात. पनवेलच्या खाडीकाठची मुले या दोन जाळ्यांची तुलना न विचारता आपण होऊनच करतात. तेथे शिक्षकाने मध्ये बोलू नये. आपल्या जुन्या भाषेत कोळ्यास कातीण असेही नाव आहे. कातणे या क्रियेवरून ते सहज उमजते.

आता आपला कोळी. शास्त्रज्ञ याच्या गणाला सायक्लोसा असे म्हणतात. चक्राकार जाळी विणणाऱ्या अरॅनिडी कुळात त्याचा समावेश होतो. मादीची लांबी सामान्यतः ४ ते ७ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. नर त्याहून लहान. रंग करडा, तपकिरी, मधून रुपेरी ठिपके. रंगावर मात्र विसंबू नये, कारण एकाच जातीत तो फिका व गडद असा दोन्ही प्रकारचा आढळतो. रंगापेक्षा आकार पाहावा. बहुतेक जातींत पोटाचा मागील भाग शेपटासारखा निमुळता होऊन सूत काढणाऱ्या अवयवांच्याही पलीकडे गेलेला असतो. काहींच्या पोटावर लहान उंचवटेही असतात. कोळी बसताना आठही पाय अंगाशी घट्ट आवळून घेतो. त्यामुळे तो प्राणी न वाटता एखादा वाळलेला कण वाटतो.

आणि तो बसतो कोठे? जाळ्याच्या अगदी मध्यावर, कचऱ्याच्या ओळीत मुद्दाम ठेवलेल्या मोकळ्या जागेत. ओळीचा अर्धा भाग वर, अर्धा खाली, मध्ये स्वतः. ही खूण सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या बाईंना ते जाळे जुने वाटले त्यांची नजर कमी पडली असे नव्हे. तसे वाटावे अशीच ती रचना आहे.

ओळख पटवताना शेजारपाजारच्या इतर कोळ्यांशी तुलना केल्यास गोंधळ टळतो. जाळ्यात रेशमाची ठळक नागमोडी पट्टी किंवा फुलीसारखी खूण असेल आणि कोळी बराच मोठा, पाय दोन दोन जोडून पसरलेला असेल, तर तो अर्जिओप. जाळे तिरके अथवा जवळजवळ आडवे, पाण्याच्या जवळपास, आणि कोळी हिरवट रुपेरी, लांब पायांचा असेल तर तो ल्यूकॉज. पोट कवचासारखे कठीण आणि त्यावर काटे असतील तर गॅस्टरकँथा. सायंकाळी अंगणात मोठे वाटोळे जाळे विणताना जो दिसतो आणि सकाळी जाळ्यासह नाहीसा झालेला असतो, तो बहुधा नेओस्कोना. तो उजाडण्याच्या सुमारास आपले जाळे गोळा करून खाऊन टाकतो आणि दिवसभर पानाआड दडतो. खाल्लेल्या रेशमातील द्रव्य पुढील जाळ्याच्या कामी येते. आपला सायक्लोसा मात्र दिवसाही जाळ्यातच असतो, म्हणून शाळेच्या वेळेत पाहण्यास तोच सोयीचा.

फसगत होण्याचा एक संभव राहतो. उलोबोरस नावाचे काही लहान कोळीही जाळ्यात रेशमाची वा कचऱ्याची ओळ करतात. त्यांचे जाळे बहुधा आडवे असते, आणि धाग्यावर चिकट थेंब नसून अतिशय बारीक लोकरीसारखे रेशीम असते. या कुळातील कोळ्यांना विषग्रंथीच नसतात, ही गोष्ट मोठ्या मुलांना सांगण्याजोगी आहे. कोळी म्हणजे विषारीच, असे धरून चालणाऱ्यांना ती थोडा विचार करावयास लावते.

सायक्लोसा एवढे नाव निश्चित झाले की शिक्षकाने थांबावे. पुढे जातीचे नाव सांगण्याचा मोह आवरावा. या गणाच्या अनेक जाती भारतात आहेत, आणि त्यांतील भेद मादीच्या जननांगाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरवितात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे बी. के. टिकादर यांनी महाराष्ट्रातील कोळ्यांवर सन १९६० नंतरच्या दशकात लेख लिहिले, आणि सन १९८२ मध्ये या कुळातील भारतीय कोळ्यांवर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. असे आयुष्यभर काम केलेले लोकही नमुना हाती घेतल्यावाचून नाव सांगत नाहीत. जगात आजवर ५० हजारांहून अधिक जातींच्या कोळ्यांची नोंद झाली आहे. तेव्हा "जात ठाऊक नाही, गण सायक्लोसा" असे फळ्यावर लिहिण्यात शिक्षकास कमीपणा नाही. केवळ छायाचित्र पाहून जातीचे नाव छातीठोकपणे लिहिलेले तक्ते मी काही शाळांतून पाहिले आहेत. ते उतरवून ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पाठासाठी साहित्य म्हणाल तर एक भिंग, एक मोजपट्टी आणि काळी पाटी. शेवटची वस्तू सर्वांत उपयुक्त. जाळ्याच्या मागे, धाग्यांना स्पर्श न करता, पाटी धरली की जे धागे उजेडात दिसत नव्हते ते सगळे स्पष्ट उमटतात. पाटी नसेल तर काळा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून घ्यावा. मग मुलांकडून आरे मोजवून घ्यावेत. दोन मुलांची संख्या सहसा जुळत नाही. पुन्हा मोजावयास लावावे. गणिताचा एक तास येथेच होऊन जातो.

त्यानंतर वाळलेल्या गवताची एक काडी घ्यावी. तिच्या टोकाने आऱ्याला हळूच स्पर्श करावा. काडी चिकटत नाही. मग सर्पिल धाग्याला स्पर्श करावा. तो चिकटतो आणि काडीबरोबर ताणला जातो. भिंगातून पाहिल्यास सर्पिल धाग्यावर मण्यांसारखे बारीक थेंब ओळीने दिसतात. कोळी स्वतःच्या जाळ्यात का अडकत नाही, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. उत्तराचा मोठा भाग त्यांच्या हातातील काडीनेच दिलेला असतो. तो मुख्यतः न चिकटणाऱ्या आऱ्यांवरून चालतो. शिवाय चिकट धाग्याला त्याच्या पायाचा फार थोडा भाग लागतो, आणि पायांवरील केसांमुळे तो सहज सुटतो.

जाळे विणण्याची क्रिया पाहावयास मिळणे हा भाग्याचा योग. सायक्लोसा हे काम बहुधा पहाटेच्या अंधारात उरकतो. तथापि क्रम सांगून फळ्यावर काढून दाखवावा. कोळी पोट उंचावून एक धागा वाऱ्यावर सोडतो. तो पलीकडच्या फांदीला अडकला की पूल तयार होतो. त्यावरून ये-जा करून तो चौकट व आरे बांधतो. मग मध्यापासून बाहेर जाणारा एक विरळ, न चिकटणारा फेर घालतो. हा फेर म्हणजे गवंड्याची परांची. त्याच्या आधाराने बाहेरून आत येत येत तो चिकट धाग्याचे दाट फेर घालतो, आणि परांची काढीत जातो. हे सर्व तो डोळ्यांनी पाहून करीत नाही. त्यास आठ डोळे असतात खरे, परंतु जाळे विणणाऱ्या कोळ्यांची दृष्टी मंद असते. धाग्याचा ताण आणि कंप पायांना जाणवतो, त्यावरच त्याचा सारा कारभार चालतो. एखादे चिलट जाळ्यात पडले की तो नेमका त्याच आऱ्याने धावत जातो, भक्ष्याला रेशमात गुंडाळतो व चावतो. त्याला चघळता येत नाही. तोंडातून पाचक रस सोडून भक्ष्य आतल्या आत विरघळवितो आणि तो रस शोषून घेतो.

शोषून उरलेले चोथ्यासारखे अवशेष तो टाकून देत नाही. ते नेऊन मध्यावरच्या ओळीत रेशमाने बांधतो. कधी पालापाचोळ्याचा तुकडा, कधी स्वतःची टाकलेली कात. दररोज सर्पिल धागा तो नवा घालतो, परंतु ही ओळ मात्र जपून ठेवतो. म्हणून जाळे नवे आणि ओळ जुनी, असा प्रकार येथे दिसतो. एकच जाळे आठवडाभर पाहणाऱ्या मुलांच्या हे ध्यानात आल्यावाचून राहत नाही. कित्येक जातींत मादी आपल्या अंड्यांच्या पिशव्याही याच ओळीत गुंफते. कचरा समजून काडीने ओळ ओढून काढणारा मुलगा पुष्कळदा अंडीच ओढून काढीत असतो. पाठाच्या आरंभीच हे सांगून ठेवावे, नंतर सांगून उपयोग नाही.

ओळ कशासाठी, याचा विचार शास्त्रज्ञांनीही पुष्कळ केला आहे. तैवानमधील दोन संशोधकांनी याच गणाच्या एका जातीवर निरीक्षणे करून सन २००९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांना असे आढळले की, ओळीतील गोळे आकाराने व रंगाने कोळ्यासारखेच दिसतात. अशा जाळ्यांकडे गांधीलमाश्या अधिक येतात हे खरे, परंतु झडप घालताना त्या पुष्कळदा कोळ्याला सोडून गोळ्यावरच घालतात. म्हणजे हे केवळ लपणे नव्हे, शत्रूपुढे आपल्यासारखी बाहुली उभी करणे आहे. काडीने जाळे किंचित हलविल्यास हा कोळी जाळ्यासह जोराने हिंदकळतो, अगर धाग्यावरून एकदम खाली उडी टाकतो. खाली पडला तर त्यास शोधू नये. थोड्या वेळाने तो त्याच धाग्याने वर येतो.

या शत्रूंपैकी एक तर आपल्या वर्गातच नांदत असतो. खिडकीच्या चौकटीवर, दाराच्या मागे किंवा गुंडाळून ठेवलेल्या नकाशाच्या पोकळीत मातीची जी घरटी दिसतात, ती कुंभारणीची. एका प्रकारची कुंभारीण कोळी पकडते, नांगी मारून त्यांना निश्चल करते, मातीच्या कोठडीत ठासून भरते, त्यांवर एक अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेली अळी त्या ताज्या अन्नावर वाढते. झाडताना असे एखादे बंद घरटे पडून फुटले तर ते फेकून न देता कागदावर पसरावे. कधी एकाच कोठडीत अनेक लहान कोळी निघतात, आणि त्यांत चक्राकार जाळे विणणारेही असतात. दुसऱ्या प्रकारच्या कुंभारणी कोळ्यांऐवजी अळ्या साठवतात. काय निघते ते पाहूनच ठरवावे. यासाठी चांगली घरटी मात्र फोडू नयेत.

आता भीतीविषयी. "अंगावरून कोळी फिरला की फोड उठतात" हा समज आपल्या तालुक्यात घरोघरी आहे, आणि त्यापायी मुले कोळी दिसताच चपलेने चिरडतात. कोळी मारला जातो ही हानी आहेच, परंतु मला त्याहून मोठी काळजी त्या फोडांची वाटते. सायक्लोसासारखा लहान कोळी माणसाच्या कातडीवरून नुसता चालून गेल्याने फोड येत नाहीत. पावसाळ्यात दिव्यावर एक बारीक, लांबट, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा किडा येतो. तो चावत नाही. परंतु अंगावर बसला असता हाताने चिरडला गेला तर त्याच्या अंगातील दाहक रस कातडीला लागतो. त्या वेळी काहीच जाणवत नाही. साधारणपणे दुसऱ्या दिवशी आग होऊ लागते आणि रेघेसारखे फोड येतात. सकाळी उठल्यावर फोड दिसले आणि भिंतीवर कोळीही दिसला, की दोष कोळ्याच्या माथी येतो. असा किडा अंगावर दिसल्यास फुंकर मारून उडवावा, चिरडू नये. चिरडला गेल्यास ती जागा साबण व पाण्याने लगेच धुवावी. तो हात डोळ्यास लावू नये.

दुसरे कारण नागीण. शरीराच्या एकाच बाजूस, पट्ट्यासारखे, वेदनायुक्त फोड येतात तो रोग विषाणूमुळे होतो, आणि कांजिण्या होऊन गेलेल्या माणसात तो पुढे केव्हाही उद्भवू शकतो. त्यावर औषध आहे, आणि ते लवकर सुरू केल्यास अधिक गुण येतो. अशा वेळी "कोळी फिरला" म्हणून घरी लेप लावीत बसल्याने दिवस वाया जातात. वर्गात एखाद्या मुलाच्या अंगावर फोड दिसल्यास शिक्षकाने निदान करू नये. पालकांना बोलावून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. कारणाविषयी आपणास काय वाटते ते सांगण्यापेक्षा मूल डॉक्टरांपर्यंत पोहोचले की नाही, हे दुसऱ्या दिवशी विचारणे अधिक उपयोगाचे.

याचा अर्थ मुलांनी कोळी हातात घ्यावेत असा नाही. या लहान कोळ्याचा दंश माणसास धोकादायक नसला तरी प्राणी हाताळला की त्याचे पाय तुटतात आणि वर्तन पाहावयाचे राहून जाते. शिवाय ज्या कुंपणात कोळी असतो त्यातच सापही असू शकतो. झुडपात हात घालावयाचा नाही, बिळात काडी घालावयाची नाही, पाहावयाचे ते एक हात अंतरावरून. हा नियम शिक्षकाने स्वतः पाळला तरच मुले पाळतात.

निरीक्षणाची वही साधी ठेवावी. शाळेच्या आवारात एकच जाळे निवडून त्याजवळ खुणेची काठी रोवावी आणि पाळीपाळीने दोन मुलांनी दररोज प्रार्थनेनंतर ते पाहावे. जाळ्याची रुंदी, आऱ्यांची संख्या, ओळीची लांबी, कोळ्याचे डोके वर की खाली, आदल्या रात्री पाऊस होता की नाही, इतके लिहिले म्हणजे पुरे. डोके वर की खाली हा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. चक्राकार जाळ्यातील बहुतेक कोळी डोके खाली करून बसतात, पण या गणातील काही जाती वर करूनही बसतात. मुलांचे उत्तर पुस्तकातून उतरविलेले आहे की पाहून लिहिलेले, हे तेथे लगेच कळते. ज्या दिवशी काहीच बदल नाही त्या दिवशी "बदल नाही" असे लिहावे. ती जागा कोरी सोडू नये. एके दिवशी कोळी दिसणार नाही. तो मेला असेल, कुंभारणीने नेला असेल, नाहीतर जागा बदलून दोन हातांवर गेला असेल. आजूबाजूस तशीच ओळ असलेले नवे जाळे आहे का, ते शोधावयास मुलांना सांगावे.

एक अडचण मला माझ्याच पदामुळे ठाऊक आहे. विस्तार अधिकारी येणार अशी सूचना शाळेस गेली की आदल्या दिवशी हौसेने साफसफाई होते, आणि झाडू वर्गातील जळमटांबरोबर कुंपणावरूनही फिरतो. एका शाळेत मुलांनी अठरा दिवस लिहिलेली वही मला दाखविली. एकोणिसाव्या दिवशीची नोंद होती, "साहेब येणार म्हणून जाळे काढले." वर्गखोलीतील जळमटे अवश्य काढावीत. कुंपणावरील जाळी, विशेषतः ज्यापाशी खुणेची काठी रोवलेली आहे ते जाळे, माझ्या भेटीच्या निमित्ताने काढू नये. भेटीच्या वेळी मी ती वही पाहावयास मागेन, आणि वेळ असल्यास जाळेही.